थांबलेल्या उद्योगाची बखर

कऱ्हाडच्या आमच्या घरामागे एक लांबोळकी खोली आहे. पूर्वी तीत जळाऊ लाकडे आणि गोवऱ्या असत. सन २०१२ च्या पाडव्यास ती रिकामी करून, भिंतींना चुना लावून, आम्ही तीत चार शिलाई मशिने मांडली आणि नऊ बायांनी तेथे वाकळा शिवावयास प्रारंभ केला. सन २०१९ च्या आषाढात त्याच खोलीस मी माझ्या हाताने कुलूप घातले. मधली सात वर्षे आम्ही जे केले त्याला अलीकडे ‘सामाजिक उद्योग’ असे भारदस्त नाव आहे. आम्ही त्याला नुसते ‘खोली’ म्हणत असू. ‘आज खोलीवर येणार का?’ एवढेच एकमेकींना विचारावयाचे.

कुलूप घातल्यावर आठ-दहा दिवसांनी आमच्यातल्या सर्वांत वडील मावशी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. चहा घेतला, पावसाच्या गोष्टी केल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “बाई, खोली परत कवा सुरू करायची म्हनं?”

मी म्हटले, “बघू.”

चाळीस वर्षे इतिहास शिकवला, पण इतके पोकळ उत्तर मी कुठल्याही विद्यार्थ्याला दिले नव्हते. ‘बघू’ म्हणजे काय? बंद पडले असे म्हणावयाचे धैर्य नाही आणि सुरू करू असे म्हणावयास आधार नाही, याचेच ते नाव. त्या दिवसापासून मी माझ्या जुन्या सवयीप्रमाणे इतिहासाकडे वळले. लोकांच्या भल्यासाठी उद्योग काढणारी माणसे आपल्या आधी पुष्कळ होऊन गेली. त्यांतली कोण थांबली, का थांबली आणि थांबल्यावर पुढे काय झाले, हे पाहावे असे मनाने घेतले. पुढील मजकूर म्हणजे त्या शोधाची हकिकत आहे. मावशींना द्यावयाचे उत्तर लांबणीवर टाकण्याचा तो एक सभ्य मार्ग होता हेही कबूल करून टाकते.

*

प्रथम गिरगावात जाऊ. सन १९५९ च्या मार्च महिन्याची १५ तारीख. लोहाणा निवास नावाच्या चाळींच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या आणि त्यांनी दिवसाकाठी पापडांची चार पाकिटे लाटून तयार केली. भांडवल म्हणजे छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले ८० रुपये. या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांतून ही गोष्ट पुन्हा एकदा छापून आली. आज लिज्जत पापड ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण, आणि त्या संस्थेत पापड लाटणाऱ्या बहिणींची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली आहे. विजयाची कथा म्हणून ती सर्वांना पाठ आहे.

माझे लक्ष मात्र त्या कथेतल्या एका लहानशा वाक्यावर अडकले. पहिल्याच वर्षी त्यांना काम चार महिने बंद ठेवावे लागले होते. कारण अगदी साधे: मुंबईचा पाऊस. पापड वाळेना. मार्चच्या मध्यावर प्रारंभ, तीन महिन्यांत बायका सातांच्या पंचवीस झालेल्या, भुलेश्वरात माल खपू लागलेला, आणि जून उजाडताच सारे ठप्प. त्या गच्चीवरच्या बायांना कोणी हसले नसेल काय? ‘आरंभशूर’ हा शब्द आपल्या भाषेत तयारच असतो. पण पाऊस सरला, लाटणी पुन्हा हलू लागली, आणि दुसऱ्या वर्षी पावसाळा येण्यापूर्वी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड पसरावयाचे, खाली शेगडी ठेवावयाची. पुढे पावसासाठी काम थांबले नाही.

खाट आणि शेगडी! केवढा मोठा शोध आणि केवढा स्वस्त! परंतु मला जे शिकावयाचे होते ते शेगडीच्याही अलीकडे होते. त्या बायांना आपण का थांबलो हे एका शब्दात सांगता येत होते. ‘पाऊस’ म्हटले की संपले. ज्या थांबण्याला नेमके नाव असते त्यावर उपाय शोधता येतो. ‘परिस्थिती अनुकूल नव्हती’, ‘लोकांची साथ लाभली नाही’, ‘काळ बदलला’, असली नावे ठेवली की पुढच्या वर्षी कुठली खाट आणावयाची ते कळत नाही. आमच्या खोलीच्या बाबतीत मी सर्वांना ‘काळ बदलला’ असेच सांगत होते.

लिज्जतच्या बखरीत आणखीही थांबे आहेत. ते संस्थेने लपवलेले नाहीत. सन १९६१ मध्ये मालाडला शाखा काढली, ती चालली नाही. चामड्याच्या वस्तू, आगपेट्या, अगरबत्त्या असे उद्योग करून पाहिले, तेही जमले नाहीत, सोडून दिले. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपयांची. एवढ्याशा उलाढालीचेही हिशेब दुकानदाराच्या काटेकोरपणाने ठेवावयाचे, मालाच्या दर्जात तडजोड करावयाची नाही, आणि तोटा आला तरी देणगी मागावयाची नाही, हे नियम त्यांनी आरंभीच घालून घेतले. हिशेबाचा आग्रह मुख्यतः छगनबाप्पांचा. परोपकार म्हणून नव्हे तर धंदा म्हणून चालवा, असे त्यांचे सांगणे असे. हे वाचताना मला माझी वही आठवली. तिच्याकडे पुढे येणारच आहे.

*

आता थोडे दूर, विलायतेत जाऊ. सहकाराचा इतिहास शिकवताना आम्ही मुलांना रॉचडेलचे नाव घोकून घेत असू. लँकेशायरमधले हे विणकरांचे गाव. सन १८४४ च्या २१ डिसेंबरला, वर्षातल्या जवळजवळ सर्वांत लहान दिवशी, तेथल्या अठ्ठावीस कामकऱ्यांनी टोड लेन नावाच्या गल्लीत एक दुकान उघडले. भांडवल २८ पौंड. माल म्हणजे लोणी, साखर, मैदा, ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या. जगभरच्या सहकारी चळवळीची गंगोत्री ती हीच, असे पाठ्यपुस्तकात छापलेले असते आणि ते बरोबरही आहे.

परंतु त्याच गल्लीत त्याच्या अकरा वर्षे आधी, १८३३ साली, विणकरांनी असेच एक दुकान काढले होते, आणि ते दोन वर्षांत बंद पडले होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते. मीही वर्गात ती कधी सांगितली नाही. पहिले दुकान बुडाले ते उधारीने. गिऱ्हाईक म्हणजे आपलाच शेजारी, आपल्याच मागाशेजारी माग चालवणारा. त्याच्या घरी चूल पेटली नाही तर ‘पैसे आण, मग पीठ नेऊन टाक’ असे म्हणावयाचे कसे? म्हणून पीठ गेले, पैसे आले नाहीत, दुकान गेले. पुढे नऊ वर्षे काहीच नाही. १८४४ मध्ये पुन्हा मंडळी जमली तेव्हा त्यांच्या नियमांत एक नियम असा होता, की माल रोखीनेच द्यावयाचा आणि रोखीनेच घ्यावयाचा. खरेदीच्या प्रमाणात नफा परत, शुद्ध माल, पुरे माप, माणशी एक मत, हे बाकीचे नियम जगाने उचलले. पण रोखीचा नियम रॉचडेलच्या लोकांनी स्वतःच्या पहिल्या अपयशाची किंमत मोजून विकत घेतला होता. ती नऊ वर्षे फुकट गेली असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही.

या रॉचडेलकरांपैकी कित्येकांच्या डोक्यात रॉबर्ट ओवेनचे विचार होते. हा ओवेन म्हणजे विलक्षण माणूस. न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीचा कारभार १८०० साली त्याच्या हाती आला. कामगारांना बरी घरे, मुलांना शाळा, चोख मालाचे दुकान, इतके करूनही गिरणी नफ्यात चालते हे त्याने साऱ्या युरोपला दाखवले. मग त्याला वाटले, गिरणीपुरते कशाला, अवघा समाजच नवा घडवू. अमेरिकेत इंडियाना प्रांतात न्यू हार्मनी नावाचे अख्खे गाव त्याने १८२५ मध्ये विकत घेतले. आठशेहून अधिक माणसे तेथे गोळा झाली. विद्वान आले, आदर्शवादी आले, तसे फुकट जेवावयास मिळेल म्हणूनही आले. वसाहत सुरू होते न होते तोच ओवेन व्याख्याने देण्यासाठी निघून गेला तो कित्येक महिन्यांनी परतला. मागे घटनेवर घटना लिहिल्या गेल्या. सामायिक कोठारात जमा किती आणि खर्च किती हे पाहण्याची निकड कोणालाच वाटली नाही, कारण तूट भरून काढावयास ओवेनचा खिसा होता. १८२७ मध्ये सारे आटोपले, आणि ओवेनची बहुतेक संपत्ती त्यातच गेली.

ओवेनचे उदाहरण वाचताना मला कसेसेच झाले. कुठे तो आणि कुठे कऱ्हाडची एक निवृत्त शिक्षिका! पण रोग एकच होता. संस्थापकाचा खिसा जोवर उघडा असतो तोवर संस्थेला आपल्या आजाराची जाणीव होत नाही. आणि संस्थापकाला तर आपण दुसऱ्यांसाठी झिजतो आहो या भावनेचे एक सूक्ष्म सुख असते. ते सोडवत नाही.

*

आता वहीकडे येते. आमच्या खोलीचा हिशेब एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत मी एकटी लिहीत असे. वाकळीचेच घ्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, बारीक धावदोऱ्याने कडेपासून मधोमध शिवत जावयाचे, या कामास एका बाईला बारा दिवस लागत. दिवसाची मजुरी १०० रुपये धरली तरी १,२०० झाले. दोरा, अस्तर आणि वाहतूक मिळून २५० रुपये. पुण्याच्या प्रदर्शनात वाकळ विकली जाई १,२०० रुपयांना, आणि लोक “काय हो कलाकुसर!” म्हणून वाहवा करीत. म्हणजे वाहवा मिळालेल्या दर वाकळीमागे आम्हांला २५० रुपयांची खोट येत होती. एका धर्मादाय संस्थेने पहिली तीन वर्षे मजुरीसाठी अनुदान दिले, त्यात ही खोट बुडून गेली. अनुदान म्हणजे आमचा ओवेनचा खिसा. ते संपल्यावर मी माझ्या निवृत्तिवेतनातून भर घालू लागले. किंमत वाढवावी, बारा दिवसांचे काम आठ दिवसांत कसे बसेल ते पाहावे किंवा लहान आकाराची, बाळाची दुपटी करावीत, हे विचार सुचावयास हवे होते. पण खोट दिसतच नव्हती, तर सुचणार कसे?

मग २०१८ चा मार्च आला. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि जिकडे तिकडे कापडी पिशव्यांची मागणी सुरू झाली. शहरातल्या एका व्यापाऱ्याने आम्हांला पाच हजार पिशव्यांची ऑर्डर दिली. आम्ही कर्ज काढून कापडाचे तागे आणले, आणखी दोन मशिने घेतली, वाकळा बाजूला ठेवल्या. बाया रात्री दहापर्यंत बसत. पहिल्या तीन हजार पिशव्या गेल्या. पैसे ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून राहिले. तोवर बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या, यंत्रावर चिकटवलेल्या स्वस्त पिशव्यांचा पूर आला. आमची पिशवी पडत होती ३८ रुपयांना. ती दहाला मिळू लागली. उरलेला माल व्यापाऱ्याने घेतला नाही. पहिल्या मालाचे पैसे अर्धेमुर्धे, वर्षभर खेपा घातल्यावर हाती आले.

रॉचडेलच्या विणकरांनी १८३५ साली जे शिकून ठेवले होते ते इतिहासाच्या शिक्षिकेला २०१८ मध्ये ठाऊक नसावे, यापरते हसे कोणते? आणि दुसरी गोष्ट म्हणजे एकाच गिऱ्हाइकावर सारा भार. त्याचेही उदाहरण आपल्या घरचेच आहे. मुंबईच्या गिरणगावात हजारो बाया खानावळी चालवीत. गावाकडून आलेला गिरणी कामगार त्यांच्या पंगतीला बसे आणि पगार झाला की पैसे देई. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, बँकांची दारे त्यांच्यासाठी उघडली. सावकाराच्या पाशातून सुटण्याचा तो मोठाच मार्ग होता. पण १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, लांबत गेला, आणि जेवणारे गडी आपापल्या गावी परतले तेव्हा चुलीपुढल्या बाईला कळले, की आपला धंदा आपला नव्हताच. तो गिरणीच्या भोंग्याला बांधलेला होता. ज्यांना पुढे तग धरावयाचा होता त्यांना दुसरी गिऱ्हाइके धुंडाळावी लागली.

*

आता पुण्यास जाऊ. कारण थांबण्याची सर्वांत थोर हकिकत तेथली आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली हे आता पोरासोरांसही ठाऊक आहे. शाळा म्हणजे उद्योग नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु जागा, पैसा, माणसे आणि समाजाचा रोष या चारही अडचणी सारख्याच, म्हणून तिला मी या बखरीत घेते. ती शाळा अखंड चालली असा आपला समज असतो. तसे झाले नाही. लोकांच्या दडपणाने वडिलांनी या दांपत्यास घराबाहेर काढले, जागेची आणि पैशाची ओढाताण झाली, काम थांबले. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा उघडली. सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी आणि पुढच्या मार्चात वेताळ पेठेत तिसरी. थांबण्यापूर्वी एक, थांबल्यानंतर वर्षाच्या आत तीन!

मधल्या काळात काय बदलले? दडपण कमी झाले होते असे नाही. पण या खेपेस पाठीशी मंडळी होती. पैसा गोळा करणारे, देखरेख करणारे, परीक्षा घेणारे असे एक मंडळ उभे राहिले. सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारखे स्नेही त्यात होते. एका घरातून उठून काम अनेकांच्या हाती गेले. घर सुटले म्हणजे काम सुटते, ही स्थिती पालटली.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक अंतर्मुख करून गेली. सन १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी या शाळांचा उल्लेख केला आहे. आपण त्यांत नऊ-दहा वर्षे काम केले आणि नंतर काही कारणांमुळे त्यातून अंग काढून घेतले, ती कारणे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे. किती थोडे शब्द! तीत तक्रार नाही, कोणावर आळ नाही, आपल्या त्यागाचा पाढा नाही. कामातून बाहेर पडल्यावर हा मनुष्य रिकामा बसला नाही. सत्यशोधक समाज त्यानंतरचा, १८७३ चा. ज्या मनुष्याला ‘मी म्हणजे ही संस्था’ असे वाटत असते त्याला एवढ्या थोड्या शब्दांत बाहेर पडता येत नाही. मी कुलूप घातले तेव्हा सर्व आप्तेष्टांना मी किती शब्द ऐकवले ते आठवून मला लाज वाटली.

*

कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन ओगलेवाडीस आहे. लहानपणी आमच्या ओसरीवर जळणारा प्रभाकर कंदील याच वाडीत तयार झालेला. ओगल्यांचा काचकारखाना आता चालत नाही. गाडीची वाट पाहत मी तेथे पुष्कळदा उभी राहिले आहे आणि काचेचा विचार आला, की तळेगाव आठवते. अंताजी दामोदर काळे या तरुणाने दर माणशी वर्षाला एक पैसा मागून देशी उद्योगधंद्यांसाठी फंड उभारण्याचा ध्यास घेतला. त्या काळच्या रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया गोळा करावयास चौसष्ट माणसांसमोर हात पसरावयाचा. गावोगाव हिंडून त्यांनी तो पसरला. टिळकांनी पाठबळ दिले. या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशी शिकून आलेले तज्ज्ञ त्याला लाभले. परदेशी काचेपुढे टिकून राहणे कठीण होते, आणि पैशापैशाने जमवलेले भांडवल अशा भट्टीच्या धंद्याला किती पुरणार? नफ्याच्या तराजूत घातले तर या कारखान्याचे पारडे कधी फार जड झाले नाही. पण तेथे काच फुंकावयास शिकलेली माणसे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेली आणि तेथल्या भट्ट्या त्यांनी पेटवल्या. मला वाटते, तळेगावचा खरा माल बरण्या आणि चिमण्या हा नव्हेच. तो म्हणजे शिकलेले हात.

या विचाराने मला धीर आला. आमच्या नऊंपैकी तिघी आज घरी मशीन ठेवून शिवणकाम करतात. एकीने तर परकर-पोलक्यांचे लहानसे दुकानच थाटले आहे. वाकळीचा बारीक टाका, मोजमाप, गिऱ्हाइकाशी बोलणे, बँकेत जाऊन सही करणे, हे त्या खोलीत शिकल्या. खोलीला कुलूप लागले तरी त्या हातांना लागलेले नाही. तथापि ही समजूत फार गोड आहे म्हणूनच तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. उरलेल्या सहांपैकी दोघी पुन्हा शेतावर रोजाने जातात आणि एकीने मुलीची शाळा त्याच वर्षी सोडवली. या तिघींच्या वतीने इतिहास मला काही दिलासा देत नाही.

*

एवढे वाचून झाल्यावर मी मावशींना बोलावले. एकट्या त्यांना नव्हे, नवांनाही. खोली उघडली. कोपऱ्यात न विकलेल्या पिशव्यांचा ढीग तसाच होता. उंदरांनी काही कुरतडल्या होत्या. मी निळी वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. वाकळीमागे २५० रुपयांची खोट, अनुदान, माझे पैसे, कर्ज, व्यापाऱ्याकडून येणे, सर्व. वाचता वाचता माझा आवाज मध्येच बसला. बाया गप्प होत्या.

मग मावशी म्हणाल्या, “म्हंजी बाई, सात वर्सं तोटा हुता, आन् तुमी आमाला बोल्ला न्हाई?”

मी म्हटले, “तुम्हांला कशाला चिंता, असे वाटले.”

“आमचं घर आमी तोट्यातच चालिवतो की. आमाला तोटा कळत न्हाई व्हय? त्यो तोटा आमचा न्हवता व्हय?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. इतक्या ग्रंथांतून मी जे शोधत फिरत होते ते अंगणातच उभे होते. गिरगावच्या गच्चीवरच्या बाया आपसांत नफा वाटत तसा तोटाही वाटून घेत; म्हणून पाऊस आला तेव्हा त्या सर्व मिळून थांबल्या आणि सर्व मिळून परतल्या. आमच्या खोलीत काम नऊ जणींचे होते, पण तोटा माझ्या एकटीचा होता. म्हणून थांबण्याचा निर्णयही मी एकटीने घेतला आणि त्यांच्या वाट्याला फक्त कुलूप आले. बायांना मी मजुरी दिली, शिकवले, सणावाराला गोडधोड दिले. सत्य तेवढे दिले नाही. दया आणि विश्वास यांत एवढा फरक असतो. उधारी, अनुदान, एकच गिऱ्हाईक या साऱ्या चुका व्यवहाराच्या होत्या. त्या कोणाच्याही हातून होतात आणि सुधारतातही. वही लपवणे ही व्यवहाराची चूक नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. ठरवल्या म्हणजे त्यांनी ठरवल्या, मी लिहून घेतल्या. दोन मशिने विकून कर्जातले उरलेले फेडावयाचे. पिशव्या बाजाराच्या दिवशी मिळेल त्या भावाने काढावयाच्या. वाकळ २,००० रुपयांच्या खाली विकावयाची नाही. त्या भावाला आगाऊ पैसे देऊन घेणारी पाच गिऱ्हाइके मिळाली की खोली उघडावयाची, न मिळाली तर उघडावयाची नाही. ही शेवटची अट ज्यांनी घातली त्या बाई शाळेत चौथीपलीकडे गेलेल्या नाहीत. मी मनात म्हटले, रॉचडेलकरांनी यांना आपल्यात घेतले असते.

कर्ज फिटले. पिशव्या गेल्या. पाचांपैकी तीन गिऱ्हाइके मिळाली आहेत. दोन अजून मिळावयाची आहेत. ती मिळतील की नाही हे मी सांगू शकत नाही, आणि या लेखाच्या शेवटी ती मिळाल्याचे सांगून वाचकांना खूष करण्याचा मोह मी टाळते. मात्र आता कोणी मला विचारले, की खोली केव्हा सुरू होणार, तर मी ‘बघू’ म्हणत नाही. दोन गिऱ्हाइके मिळाली की, असे सांगते. थांबण्याला आता आमच्याकडे नाव आहे.

निळी वही मावशींच्या नातीकडे असते. ती बारावीला आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सर्वांना वाचून दाखवते, वाचावयास नवे काही नसले तरी. आणि किल्ली मावशींच्या कमरेला. परवा मला खोलीतला एक जुना पाटा हवा होता, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन ती मागून आणली आणि काम होताच परत नेऊन दिली.